नवाकोरा जुना पाळणा

सगळ्यात आधी एक सांगून ठेवतो. मी चिडलेलो आहे. सगळं होऊन गेलं, निस्तरलं, आता हसून सोडून दे असं लोक म्हणतात. नाही सोडणार. आमच्या इमारतीत ही हकीकत जो तो पदरचं तिखटमीठ लावून सांगतो आणि वर खो-खो हसतो. म्हणून एकदा ती मूळ माणसाच्या तोंडून, मूळ रागासकट सांगितली जावी एवढीच माझी इच्छा आहे. मध्येच कुणी "पण तुमचंही थोडं चुकलंच की" असं म्हणायचं नाही. माझं काही चुकलेलं नाही.

आमच्याकडे बाळ येणार होतं. घरात एक जादा खोली आहे. खोली म्हणायची आपली पद्धत. इस्त्रीचं टेबल, एक मोडका पंखा आणि मी चिडलो की जाऊन बसायची खुर्ची, एवढ्यात ती भरायची. ती बाळाची खोली करायची ठरली. मी म्हटलं, सोपं आहे, भिंतींना रंग काढू, एक पाळणा आणू, एक कपाट आणू, झालं. तर बायकोने मला मोबाइलवर चित्रं दाखवायला सुरुवात केली. कपाट होतं, पण रंगाचे पोपडे उडालेलं. पाळणा होता, पण कडा झिजलेला. एक लाकडी घोडा होता, त्याला एकच कान. भिंतीवर घड्याळ होतं, तेही बंद. भाडेकरू भाडं बुडवून पळाला असावा अशी ती खोली दिसत होती.

"व्हिंटेज," बायको म्हणाली.

"बरं. मग जुन्या बाजारात जाऊ."

"छे! जुन्या वस्तूंना काय काय चिकटलेलं असतं. बाळासाठी सगळं नवंच हवं."

"मग हे?"

"हे नवंच आहे. फक्त जुनं केलेलं."

गरोदर बायकोवर चिडता येत नाही. हा कायदा कुणी केला ते मला माहीत नाही, पण तो डॉक्टरांपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना पाठ आहे. त्यातून माझी नोकरी अशी, की मी दिवसभर एका खिडकीत बसून गावच्या पाण्याच्या तक्रारी ऐकतो. लोक येतात, काचेवर बुक्क्या मारतात, माझ्या खानदानाचा उद्धार करतात, आणि मी मान डोलावतो. घरी येऊन निदान एखादा दरवाजा तरी आपटावा, तर दार आपटलं की बाळ दचकतं म्हणे. जन्माला न आलेलं बाळ! मग सगळा राग मी गिळायचो आणि जेवण कमी जायचं.

तरीही ती खोली वेळेत व्हावी असं सगळ्यात जास्त मलाच वाटत होतं, आणि त्याला कारण होत्या सासूबाई. त्या राहतात दुसऱ्या गावी, गाडीने अख्खा दिवस लागतो. त्यांचा रोज फोन. "खोली झाली का? नसेल झाली तर सांगा हं, आढेवेढे नकोत. मी येते आणि बाळ-बाळंतिणीला इकडे घेऊन येते. चांगली उन्हं पडेपर्यंत राहतील." त्या हे प्रेमाने म्हणत, त्यात काही खोट नाही. पण मला रजा मिळत नाही. म्हणजे माझं मूल मी सुट्टीच्या दिवशी बघायचं, तेही गाडीत जागा मिळाली तर. त्याला मी कोण ते कळायच्या आत ते मामाला बाबा म्हणायला लागायचं. मला माझं मूल माझ्या घरी हवं होतं. एवढी एकच गोष्ट मला हवी होती, बाकी त्या घोड्याला चार कान असते तरी माझी हरकत नव्हती.

तर सामान आलं. पाळणा, कपाट आणि घोडा, तिन्ही कोऱ्या लाकडाची, अंगाला कारखान्याचा वास. आणि त्यांच्या मागोमाग ते जुनं करून देणारे गृहस्थ आले. मी त्यांना पॉलिशवाले म्हटलं तर त्यांनी खांद्यावरची झोळी पुन्हा उचलली. "मी कलाकार आहे," म्हणाले. बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की मी त्यांना पाणी आणून दिलं.

कलाकारांनी खोलीत दोन फेऱ्या मारल्या, कपाटावर हात ठेवला आणि डोळे मिटले.

"साहेब, या कपाटाचा भूतकाळ काय?"

"मंगळवारी ट्रकमधून आलं."

"तो नव्हे. कुणाचं होतं हे? कुणी वापरलं? कुठे झिजलं? ते ठरल्याशिवाय मला हात लावता येत नाही."

मी म्हटलं, तुम्हाला वाटेल ते ठरवा. मग त्यांनी आणि बायकोने चहा पीत पीत ठरवलं की हे कपाट एका बोटीवरच्या कप्तानाच्या विधवेचं होतं. ती डावखुरी होती, त्यामुळे डाव्या बाजूचा रंग जास्त गेला पाहिजे. विधवेला एक मुलगी होती, तिने रागाने घोड्याचा कान तोडला. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, पण ते वेगळं.

मग काम सुरू झालं. आधी रंग, त्यावर मेण घासायचं, त्यावर पुन्हा रंग, आणि मग पॉलिशपेपरने तोच रंग खरवडून काढायचा. मी विचारलं, काढायचाच होता तर लावला कशाला? मग लाकडावर चहाचं पाणी फडक्याने फिरवायचं म्हणजे डाग पडतात. आमच्या बैठकीतल्या सोफ्यावर चहाचा डाग पडला तेव्हा माझी जी शोभा झाली होती ती मला आठवली, पण मी फडकं पिळून दिलं. शेवटी त्यांनी झोळीतून एक लोखंडी साखळी आणि एक टोचा काढला. साखळीने लाकडाला मारायचं, म्हणजे पोचे येतात. टोच्याने बारीक भोकं पाडायची, म्हणजे कीड लागून गेल्यासारखं दिसतं.

"हे घरच्याने करायचं असतं," कलाकार म्हणाले. "म्हणजे वस्तूत जीव येतो. घ्या साहेब."

मी साखळी हातात घेतली. पहिला फटका भीत भीत मारला. दुसरा तितकासा नाही. तिसऱ्याला मला आमचे मोठे साहेब आठवले. मग खिडकीवर बुक्क्या मारणारे सगळे एकेक करून आठवले, रजा नाकारणारी बाई आठवली, आमच्या इमारतीचे सेक्रेटरी आठवले, ज्यांनी माझी सायकल जिन्याखालून उचलून गच्चीवर ठेवली होती. खोटं कशाला सांगू, बऱ्याच दिवसांनी मला बरं वाटलं. घामाने निथळलो आणि त्या रात्री पोटभर जेवलो. कलाकारांनी कपाटावरून हात फिरवला आणि म्हणाले, "साहेब, हात आहे तुम्हाला. विधवेने फार सोसलंय हो."

इथवर सगळं ठीक होतं. आता भुशाकडे येतो.

टोच्यानेही मीच भोकं पाडली, आणि भोकं पाडली की बारीक भुसा पडतो. मी तो झाडून गोळा केला आणि सुपलीत भरून गॅलरीत ठेवला. वारा आला. वाऱ्यावर माझा ताबा नाही, हे मी नंतर सगळ्यांना समजावून सांगितलं. भुसा खालच्या काकूंच्या वाळत घातलेल्या चादरीवर पडला. आमच्या खालच्या काकू कुठलीही गोष्ट साधी मानत नाहीत. त्यांच्याकडे नळ गळला तर पूर येतो. त्यांनी भुसा चिमटीत धरला, वर पाहिलं आणि तडक माझ्या दारात आल्या.

"अरे, तुझ्याकडे वाळवी लागलीय!"

"नाही हो काकू. मीच भोकं पाडली."

"कशाला?"

"जुनं दिसायला."

काकूंनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. मग अगदी मायेने म्हणाल्या, "बाळंतपणाचा ताण बापालाही येतो हो. तू जरा पडून राहा." आणि खाली न जाता सेक्रेटरींकडे गेल्या.

त्याच दुपारी बायकोला दवाखान्यात न्यावं लागलं. डॉक्टरांनी दिलेली तारीख अजून लांब होती, पण आमच्या मुलीने तारखेची वाट पाहिली नाही. मुलगी झाली. इवलीशी, पण ठणठणीत. मी काचेतून तिला पाहिलं आणि तेवढा वेळ मी कुणावरही चिडलेलो नव्हतो. डॉक्टर म्हणाले, दोघी उत्तम आहेत, परवा घरी न्या. मी हवेत तरंगत घरी आलो, तर माझ्या दारासमोर सेक्रेटरी, काकू आणि एक अनोळखी गृहस्थ उभे. गृहस्थांच्या हातात बॅटरी.

"हे कीटक नियंत्रणाचे निरीक्षक," सेक्रेटरी म्हणाले. "मीच बोलावलंय. इमारतीच्या हिताचा प्रश्न आहे."

"मला मुलगी झाली," मी म्हणालो.

"अभिनंदन. दार उघडा."

निरीक्षक आत गेले. त्यांनी प्रत्येक भोकात बॅटरी मारली. बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला. मग खिशातून काचेचा छोटा पेला काढून कपाटाला लावला आणि त्यावर कान ठेवला.

"आतून आवाज येतोय. कुरतडल्यासारखा."

"ते माझे दात आहेत," मी म्हणालो. खरंच होते.

"वाळवी नाही ही," निरीक्षक म्हणाले. मी सुस्कारा टाकला. "लाकूड पोखरणारा किडा आहे. वाळवीपेक्षा वाईट. कपाटातून दारात जातो, दारातून खालच्या मजल्यावर."

काकूंनी "अगं बाई" म्हणून भिंतीचा आधार घेतला.

मी त्यांना परोपरीने सांगितलं. लाकूड नवं आहे, भोकं मी पाडली, टोचा इथे असता तर दाखवला असता, तो कलाकार घेऊन गेले. निरीक्षकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मी खिडकीत ऐकतो तस्संच. ते पाहून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हे बघा," ते म्हणाले, "आमच्या खात्यात भोक दोन प्रकारचं असतं. किडा असलेलं आणि किडा येऊन गेलेलं. किड्याचा संबंधच नसलेलं भोक आमच्याकडे नाही. उद्या संध्याकाळी फवारणी. सगळ्या घरात."

"परवा बाळ यायचंय!"

"औषध कडक आहे. महिना-दोन महिने लहान मूल आत आणायचं नाही."

आणि हे सगळं सासूबाईंना कसं कळलं ते विचारू नका. काकूंकडे त्यांचा नंबर आहे. दोघी एकमेकींना कसल्या कसल्या भाज्यांचे फोटो पाठवतात. "अहो, घरात किडे?" सासूबाई फोनवर म्हणाल्या. "मी निघालेच. परवा दवाखान्यातूनच घेऊन जाते दोघींना. तुम्ही अजिबात काळजी करू नका." मी काळजी करत नव्हतो. मी मोबाइल उशीवर आपटत होतो, कारण भिंतीवर आपटला असता तर फुटला असता.

बायकोला भेटायला गेलो तेव्हा ती मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. मी सांगितलं. तिने मुलीचं दुपटं सारखं केलं. मग म्हणाली, "मला घरी यायचंय रे. आईकडे नाही. आपल्या घरी." आणि तोंड फिरवलं. आता मात्र माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पाण्याच्या खिडकीत रोज मान डोलावणारा माणूस मी, पण माझ्या मुलीला तिच्याच घराच्या दाराबाहेर ठेवणारे हे कोण लागून गेले?

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सेक्रेटरींना तळमजल्याच्या कचेरीत बैठक घ्यायला लावली. निरीक्षकांनाही बोलावलं, फवारणीच्या आधी. आणि माझा साक्षीदार म्हणून कलाकारांना घेऊन आलो, झोळीसकट. कचेरीत मधोमध कमिटीचं नवं टेबल होतं. नुकतंच केलेलं, आरशासारखं चकचकीत. त्यावर कप ठेवायला बंदी होती, कोपर टेकायला बंदी होती. सेक्रेटरी ते रोज स्वतः पुसायचे.

मी म्हणालो, "हे कलाकार. ते कपाट यांनी जुनं केलं. विचारा यांना."

निरीक्षकांनी विचारलं, "कपाट किती जुनं?"

कलाकारांनी केस मागे सारले. खिडकीबाहेर पाहिलं. "फार जुनं," म्हणाले. "एका कप्तानाच्या विधवेचं होतं ते."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "अहो, काय बोलताय? मंगळवारी ट्रकमधून आलं ना?"

"डावखुरी होती बिचारी," कलाकार म्हणाले.

"आणि भोकं?" निरीक्षक.

"कीड लागली होती एके काळी. विधवेच्या मुलीच्या लग्नानंतर घर बंद होतं, तेव्हा."

काकूंनी डोळे पुसले. मी कलाकारांना ओढून कोपऱ्यात नेलं. दातओठ खात विचारलं, हे काय चाललंय? ते अगदी दुखावलेल्या आवाजात म्हणाले, "साहेब, आमच्या धंद्यात एकच गोष्ट पाळतात. चारचौघांसमोर वस्तू नवी आहे असं कबूल करायचं नाही. काही झालं तरी. उद्या तुमच्याकडे पाहुणे आले आणि मीच सांगितलं की खोटं आहे, तर तुमची काय राहील? मी आजवर कुणाची बेअब्रू केलेली नाही."

"माझ्या मुलीला घरात घेत नाहीयेत!"

"कला आहे साहेब. मी काय करू?"

निरीक्षक उठले. "चला, फवारणीची माणसं आलीयत," म्हणाले. सेक्रेटरी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका. मूल काय, महिनाभर इकडे नाही तर तिकडे."

इकडे नाही तर तिकडे! आजवर गिळलेलं सगळं एकदम वर आलं. मी कलाकारांच्या झोळीत हात घातला, साखळी काढली आणि कमिटीच्या त्या चकचकीत टेबलावर घातली. असा आवाज झाला की वरच्या मजल्यावरची दारं उघडली. सेक्रेटरी किंचाळले. मी दुसरी घातली. "हा घ्या पोचा! हा घ्या कप्तान! ही घ्या विधवा!" मग टोचा काढला आणि भराभर भोकं पाडत सुटलो. "ही घ्या कीड! मोजा! वास घ्या! पेला लावा कानाला!" भुसा सेक्रेटरींच्या चपलांवर सांडला. पॉलिशपेपर सापडला, तोही एका कडेवरून घासला. काचेपलीकडून माझ्यावर जे जे ओरडलं गेलं होतं, ते सगळं मी त्या दुपारी ओरडलो, त्यातले काही शब्द मला येतात हे मलाच माहीत नव्हतं. मला धरायला कुणी पुढे आलं नाही.

मी दमून थांबलो तेव्हा ते टेबल शंभर वर्षांचं झालं होतं.

निरीक्षक वाकले. बॅटरी मारली. मग वर माझ्या घरी जाऊन कपाट बघून आले, पुन्हा टेबल पाहिलं. "किडा वाकडातिकडा जातो," ते म्हणाले. "ही भोकं सरळ आहेत. आणि दोन्हीकडे अगदी सारखी. माणसाने पाडलेली आहेत."

"मी काल दुसरं काय सांगत होतो?"

"काल ताडून बघायला काही नव्हतं," निरीक्षक म्हणाले आणि त्यांनी फवारणीची माणसं परत पाठवली.

आता सगळ्यात संतापजनक भाग. काकू टेबलाजवळ गेल्या, एका पोच्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "खरं सांगू? आधीपेक्षा बरं दिसतंय. काहीतरी घरंदाज वाटतं." जमलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणी कलाकारांचा नंबर घेतला. पुढच्या आठवड्यात काकूंची दोन स्टुलं जुनी झाली. कलाकार मला जिन्यात भेटले की लांबून नमस्कार करतात आणि ज्याला त्याला सांगतात की यांचा हात माझ्याहून सरस आहे. मी त्यांच्याशी बोलत नाही.

मुलगी घरी आली. तिची आई आणि मी तिला आमच्याच जिन्याने वर घेऊन आलो. सासूबाई बॅग घेऊन आल्या होत्या, त्यांना मी बैठकीतल्या सोफ्यावर बसवलं आणि म्हटलं, आई, तुम्हाला हवे तितके दिवस इथे राहा. त्या राहिल्या. बायकोने खोलीत पाऊल टाकलं, पोपडे पाहिले, पोचे पाहिले, कान तुटलेला घोडा पाहिला, आणि पाळण्याच्या कडेला धरून थोडा वेळ रडली. मुलगी पाळण्यात एक मिनिट झोपली नाही. तिला खांदा लागतो, माझा. पाळण्यात आता लंगोट असतात.

संध्याकाळी सेक्रेटरी आले. म्हणे बाळ बघायला, पण काखोटीला टेबलाच्या भरपाईचे कागद होते. मुलगी माझ्या खांद्यावर होती. ते वाकले आणि म्हणाले, "काय गं, किडे चावले नाहीत ना?" आणि स्वतःच हसले.

मुलीने डोळे उघडले. त्यांच्याकडे पाहिलं. मग तिचं सगळं तोंड लालबुंद झालं, दोन्ही मुठी वळल्या आणि तिने जो काही टाहो फोडला तो मी जन्मात ऐकलेला नव्हता. एवढ्याशा देहातून! कुणाचा मान ठेवला नाही, कुणी दचकेल म्हणून थांबली नाही, गिळलं तर काहीच नाही. सेक्रेटरी एक पाऊल मागे सरले, मग दुसरं, मग उंबऱ्याबाहेर गेले. कागद त्यांनी काढलेच नाहीत.

"फारच चिडकी आहे हो," ते जिन्यातून म्हणाले.

"हो," मी म्हणालो. "आमची आहे."